शब्दचर्चा: 'मुख्य ग्रहण', 'दुय्यम ग्रहण' आणि क्ष-किरण

प्रश्न: ययाती तारकासमूहातल्या अल्गोल या एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीबद्दल 'मुख्य ग्रहणात तारा मंदावतो' असं लिहितात. पण त्याच्या क्ष-किरणांच्या आलेखात मुख्य ग्रहणाच्या वेळी उतारच दिसत नाही. शब्द चुकतोय की आलेख?

उत्तर: दोन्ही बरोबर. 'मुख्य' हे दृश्य प्रकाशापुरतं. जोडीतला बी८ तारा तप्त, तर के तारा फुगलेला आणि त्या मानाने थंड (बी८, के हे तापमानानुसार ताऱ्यांचे वर्ग). दर २.८६७ दिवसांनी के तारा पुढे येतो आणि दृश्यप्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ वर उतरते. क्ष-किरणांत मात्र बी८ जवळपास काळाच. त्याला बाहेरचा अभिसरणाचा थर (जिथे तप्त वायू उकळत्या पाण्यासारखा वर-खाली होतो) नाही, म्हणून चुंबकीय प्रभामंडलही (ताऱ्याभोवतीचं अतितप्त वायूचं आवरण, करोना) नाही. के ताऱ्याला तो थर आहे, शिवाय भरती-ओहोटीच्या बलांनी त्याचं परिवलन कक्षेशी जखडलंय: स्वतःभोवतीच्या एका फेरीला सूर्याला सुमारे २५ दिवस, याला तीनही नाहीत. या वेगामुळे चुंबकत्व जोरदार, आणि प्रभामंडल कोट्यवधी अंशांवर तापतं. म्हणून क्ष-किरणांत खरं ग्रहण 'दुय्यम' वेळी, बी८ पुढे आल्यावर.

प्रश्न: मग तेव्हा तरी खोल खड्डा दिसायला हवा.

उत्तर: एरवी दिसत नाही. ग्रहण खंडग्रास, के तारा आकाराने मोठा, आणि प्रभामंडल त्याच्याही बाहेर पसरलेलं. भडका उडाला तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट १९९७ मध्ये बेपोसॅक्स या क्ष-किरण उपग्रहाने टिपलेला मोठा भडका दुय्यम ग्रहणात पूर्ण झाकला गेला. पातळी भडक्याआधीच्या इतकी खाली आली आणि पुन्हा चढली. त्या वेळांवरून भडक्याची जागा निघाली: के ताऱ्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ.

दुसरं उत्तर: 'करोना'साठी मराठीत 'प्रभामंडल' ठेवा, 'किरीट'ही चालेल. २०२० नंतर नुसतं 'करोना' लिहिलं की वाचक भलतीकडेच जातो. 'खळे' नको, ते चंद्राभोवतीचं.

आणखी एक घोळ. पृथ्वीलगत फिरणाऱ्या उपग्रहाला तारा दर फेरीत पृथ्वीआड होतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेली एसएक्सटी ही क्ष-किरण दुर्बीण ज्यावर आहे त्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाची फेरी सुमारे ९८ मिनिटांची. आलेखातल्या या फटींना 'ग्रहण' म्हणू नका, 'पृथ्वीपिधान' म्हणा. अल्गोल डोळ्यांना ठळक दिसतो, त्यामुळे फिल्टर पातळ असला तर दृश्य प्रकाश दुर्बिणीच्या सीसीडीत (प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये) शिरतो आणि क्ष-किरण फोटॉनची ऊर्जा चुकीची मोजली जाते.

आलेखाखाली 'मुख्य/दुय्यम' टाळून सरळ लिहा (कला म्हणजे एका प्रदक्षिणेचा किती भाग झाला ते): कला ०.०, के पुढे; कला ०.५, बी८ पुढे.