जोन रिव्हर्सचा चेहरा: टीका नक्की कशावर करायची?

रातराणी
अमेरिकन विनोदवीर जोन रिव्हर्सचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी तिच्या चेहऱ्यावर येते. 'कातडी ताणून ताणून वाट लावून घेतली', 'बाईला म्हातारपण झेपलं नाही' हे ठरलेले शेरे. मला ते अन्यायाचे वाटतात.

ब्रुकलिनमध्ये १९३३ साली जन्मलेली ही बाई १९६५ मध्ये जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो' या टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा झळकली. १९८६ मध्ये फॉक्स वाहिनीवर तिला कार्सनशी टक्कर देणारा स्वतःचा रात्रीचा शो मिळाला, आणि कार्सनने तिच्याशी कायमचं बोलणं टाकलं. पुढच्याच वर्षी शो हातचा गेला, काही महिन्यांत नवऱ्याने आत्महत्या केली. तिथून ती परत उभी राहिली ती ८१व्या वर्षी जाईपर्यंत.

आता विनोदी नट जॉर्ज बर्न्स बघा. ८०व्या वर्षी ऑस्कर. तोंडभर सुरकुत्या, हातात सिगार, आणि लोक म्हणाले, काय गोड म्हातारा! त्याच धंद्यात बाईच्या सुरकुत्यांना ही माया कधी मिळाली? तिने बाजार ओळखला आणि सर्जरी लपवलीही नाही, उलट त्यावरच विनोद केले. चूक कुणाची?

कोकणकडा
बाजार क्रूर होता हे मान्य. पण विनोदवीराचा चेहरा हे त्याचं हत्यार असतं. भुवई अर्धा इंच वर गेली की वाक्याचा अर्थ फिरतो. १९६०च्या दशकातले एड सलिव्हनच्या टीव्ही शोमधले तिचे तुकडे बघा: विनोदाचं शेवटचं वाक्य टाकून झाल्यावर डोळे विस्फारतात, कपाळाला आठ्या पडतात, मग ती स्वतःच दचकल्यासारखी मागे सरते. शेवटच्या वर्षांत वरचा अर्धा चेहरा जागचा हलत नाही. हे नुकसान दिसत असताना 'तिची मर्जी' म्हणून गप्प बसायचं?

आणि शेवटी जीवही गेला तो अशाच कुठल्यातरी सर्जरीत ना?

भूलवाला डॉक्टर
नाही. हा गैरसमज फार पसरलाय म्हणून लिहितो. ऑगस्ट २०१४ मध्ये ती न्यूयॉर्कच्या एका क्लिनिकमध्ये गेली ती घशाच्या आणि अन्ननलिकेच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी. गुंगीचं औषध दिलेलं असताना ऑक्सिजन कमी पडला, हृदय थांबलं, मेंदूला इजा झाली. ४ सप्टेंबरला ती गेली. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेचा तिथे संबंध नाही. क्लिनिकमध्ये जाण्याच्या आदल्या रात्री तिने स्टेजवर कार्यक्रम केला होता.

कपाळाबद्दल: बोटॉक्सचं इंजेक्शन मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवतं. स्नायू ढिला पडतो, आठी उमटत नाही. असर साधारण तीन-चार महिने. म्हणजे 'हलत नाही' ही अवस्था टिकवायची तर पुन्हा पुन्हा टोचून घ्यावं लागतं. फेसलिफ्टची गोष्ट वेगळी, त्यात कातडी आणि तिच्याखालचा थर ओढून बसवतात. पण वयाबरोबर चेहऱ्यावरची चरबी ओसरते, हाडंही झिजतात. ते नुसतं ताणून परत येत नाही, म्हणून फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचं भरण, भरतात. एकावर एक असे थर चढले की चेहरा ओळखीचा राहत नाही. नुसता फोटो बघून कुणी काय काय केलंय हे मात्र छातीठोकपणे सांगू नये.

चष्मेवाली
रातराणीताई, जोनच्या आधी विनोदवीर फिलिस डिलर होती हे विसरू नका. पिंजारलेले केस, लांबलचक सिगारेट होल्डर, 'मी किती कुरूप' यावर अख्खा कार्यक्रम. १९७०च्या दशकात तिने फेसलिफ्ट केला आणि जाहीर सांगितला. त्यानंतरही ती पंचवीस-तीस वर्षं हसवत राहिली. तेव्हा सर्जरीने विनोद मरतो हे मला पटत नाही.

माझा आक्षेप दुसराच आहे. जोनने अभिनेत्री एलिझाबेथ टेलरच्या वजनावर वर्षानुवर्षं विनोद केले. पुढे 'फॅशन पोलीस' या टीव्ही शोमध्ये दर आठवड्याला बायकांचे कपडे आणि अंगं सोलून काढली. जी मोजपट्टी तिच्या उरावर बसली, तीच तिने दुसऱ्यांना लावली. मग तिला नुसती बळी कशी म्हणायची?

रातराणी
चष्मेवाली, हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य. टेलरवरचे ते विनोद मला तेव्हाही आवडले नाहीत, आजही नाहीत. पण बघा, ही टीका तिच्या *कामावर* आहे. ती करा, जरूर करा. गालावर नको.

कोकणकडा, तुमचं निरीक्षण बारीक आहे, पण तिचा विनोद मुळात शब्दांचा. घोगरा आवाज, श्वास न घेता एकावर एक आदळणारी वाक्यं. २०१० साली तिच्यावर माहितीपट आला. त्याची सुरुवातच मेकअपशिवायच्या चेहऱ्याने होते, कॅमेरा इतका जवळ की कातडीचा पोत दिसतो. लपवायचं असतं तर हे करू दिलं असतं? त्यातच तिची ड्रॉवरची कपाटं दिसतात, विषयवार लावलेली, आत कार्डांवर टाइप केलेले विनोद. आणि डायरीचं कोरं पान दाखवून ती सांगते की भीती म्हणजे ही. मला तर सुरकुत्यांपेक्षा बिनकामाच्या दिवसाची धास्ती जास्त दिसली.

कोकणकडा
माहितीपट पाहिलाय. त्या कोऱ्या पानाच्या भीतीनेच ती सर्जरीच्या टेबलावर झोपत गेली असं माझं मत, आणि म्हणूनच चेहरा आणि काम अशी फाळणी मला जमत नाही. चेष्टा करू नये, इथपर्यंत तुमच्यासोबत. पण त्या आठ्या गेल्याचं वाईट वाटतं हे मी म्हणणारच. मला ती त्या आठ्यांसकट आवडायची.