कॉमन मीटरचं बिल कसं वाटायचं? गोडोली, १६ फ्लॅट, एक लिफ्ट

गोडोली_दुसरा_मजला

नमस्कार. साताऱ्यात गोडोलीत आमची इमारत आहे, तळमजला धरून चार मजले, दर मजल्यावर ४ फ्लॅट. यंदा खजिनदारकी माझ्याकडे आलीय. मी घरी शिवणकाम करते. दिवसभर मशीन आणि इस्त्री चालते, तरी माझ्या घरचं बिल मी आटोक्यात ठेवते. पण कॉमन मीटरचं बिल हातात आलं की पोटात गोळा येतो. मे महिन्यात ५५० युनिटच्या वर गेलं, रुपये आठ हजारांच्या पुढे. त्यावर आहे काय, तर लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले-पार्किंगमधले दिवे.

मेंटेनन्स वाढवायचा विषय काढला आणि दोन तट पडले. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्टचं बटणही दाबत नाही, आम्ही का भरायचं? वरचे म्हणतात, फ्लॅट घेताना लिफ्ट बघूनच घेतलाय. एकाने सुचवलं की रात्री १० ते सकाळी ६ लिफ्ट बंद ठेवू. हे मला अजिबात मान्य नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दवाखान्यात न्यायची वेळ सांगून येत नाही. आणि तळमजल्यावरचे आजी-आजोबा निव्वळ पेन्शनवर आहेत, त्यांच्याकडे दरमहा जास्तीचे पैसे मागायलाही जीव होत नाही.

तर मला हवंय ते असं: वाटणीचा नियम नक्की काय आहे? गच्चीवर सोलर टाकणं परवडेल का? आणि कुणी कॉमन बिल खरोखर खाली आणलं असेल तर कसं? रविवारी मीटिंग आहे, तिथे मला आकडे मांडायचेत.

करंजे_वायरमन

ताई, सोलरचं नंतर बघा, आधी मोटर बघा. मी इमारतींचीच कामं करतो, बहुतेक ठिकाणी पैसा तिथेच जातो. ३ एचपीची मोटर असेल तर तासाला अडीच युनिट तरी धरा. दिवसाला तीन तास चालली की महिन्याचे सव्वादोनशे युनिट झाले.

आता इमारतीच्या मागच्या बाजूला जा आणि गच्चीवरच्या टाकीपासून खाली भिंतीवर बघा. हिरवा-काळा शेवाळाचा पट्टा उतरलेला दिसला तर समजा टाकी रोज वाहते. कुणीतरी मोटर चालू करतं, कामाला लागतं, वरून पाणी पडल्याचा आवाज आला की बंद करायला धावतं. वॉटर लेव्हल कंट्रोलर बसवून घ्या, टाकी भरली की मोटर आपोआप बंद. सेन्सर वरच्या टाकीत आणि खालच्या टाकीतही, म्हणजे खाली पाणी संपल्यावर मोटर कोरडी फिरून जळायची नाही. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे मोटरच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, गळत असेल तर तोही बदला. पाइपातलं पाणी उतरून गेलं की मोटर नुसती घरघरते, पाणी चढत नाही, मीटर मात्र पळतो.

दुसरं दिवे. जुन्या ट्यूब चोकसकट ४५ वॅट खातात. अशा ८ ट्यूब रोज १२ तास जळल्या तर महिन्याला १३० युनिट होतात. त्याच जागी ९ वॅटचे एलईडी लावले तर २६. जिन्यात सेन्सरचे घेतले तर अजून कमी.

मंगळवार_पेठ_७२

आमच्याकडे कासचं पाणी येतं. कास तलाव एवढा उंचावर की पाणी उताराने शहरात येतं, त्याला वीज लागत नाही. पण आमच्या आवारातल्या टाकीत पडलं की तिथून गच्चीवर चढवायला मोटर आलीच. त्यामुळे वरच्या भाऊंनी सांगितलंय ते अगदी बरोबर.

वाटणीचं मात्र माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी तळमजल्यावर राहतो, वय ७२. मोटरचे आणि दिव्यांचे पैसे मी आनंदाने देतो. लिफ्टचे का द्यावेत हे मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. "सगळे देतात" हे उत्तर नव्हे.

नियम_वाचणारा

काका, समजावून सांगतो. आधी इमारतीची नोंदणी कशी झालीय ते बघावं लागतं.

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांत, स्पष्ट लिहिलंय: लिफ्ट चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांवर समान, मग ती वापरा किंवा वापरू नका. सेवाशुल्क, म्हणजे जिन्यातले दिवे, सफाई, वॉचमन, तेही सगळ्या फ्लॅटवर समान. पाणीपट्टी मात्र नळांची संख्या आणि आकार बघून. कारण असं की लिफ्ट ही सगळ्यांच्या मालकीची वस्तू आहे आणि तिची किंमत प्रत्येक फ्लॅटच्या खरेदीत धरलेली असते.

पण साताऱ्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे बिल्डरने घोषणापत्र नोंदवलेलं असतं. त्यात प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिस्सा, म्हणजे सामाईक मालकीतला वाटा, टक्क्यांत दिलेला असतो आणि सामाईक खर्च त्या टक्क्यांप्रमाणे वाटायचा असतो. म्हणजे मोठा फ्लॅट, मोठा वाटा. ताई, तुमचे फ्लॅट एकाच मापाचे नसतील तर हा फरक चांगला जाणवेल.

आणखी एक. बिलावर "दर संकेत" छापलेला असतो तो वाचा. राहत्या इमारतीतली लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांना घरगुती दर लागतो. बांधकामाच्या वेळचं कनेक्शन तसंच पुढे चालू राहिलं असेल तर दर वेगळा असू शकतो. तसं आढळलं तर वर्गवारी बदलण्याचा अर्ज करा.

पवनचक्की_खाली

मूळ मुद्दा वेगळाच आहे. १,९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचं धरण आपल्या जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आपल्या डोळ्यांदेखत, आणि साताऱ्याचा माणूस युनिटमागे बाकीच्यांइतकेच मोजतो. धरणाखाली गावं आमची गेली. यावर कुणी बोलत नाही.

गोडोली_दुसरा_मजला

दादा, हे दुःख खरं आहे. माझं माहेर पाटण तालुक्यात आहे, उठलेल्या गावांच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकतच मी वाढले. पण महावितरणचे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते सगळीकडे एकच असतात. मला रविवारी सोळा घरांना उत्तर द्यायचंय, म्हणून विषय इथेच ठेवू. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

करंजेवाले दादा, शेवाळाचा पट्टा आहे. टाकीपासून पार पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. रोज तिथून जाते, पण तो पावसाचा असेल असं वाटायचं. आज सकाळी मोटर चालू असताना उभी राहिले तर धार त्याच जागी पडत होती. स्टार्टरवर वेळापत्रक चिकटवलेलं आहे, पण सकाळी एक जण चालू करतो, बंद करायचं काम कुणाचंच नाही.

शाहूपुरी_गच्ची

आमच्या इमारतीने सोलर घेतलंय, म्हणून सांगतो. आम्हाला पहिल्या ठेकेदाराने ॲडव्हान्स घेऊन बरेच महिने रखडवलं. त्यामुळे पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसल्यावरच.

गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना २०२४ ची. घरगुती ग्राहकाला २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किंवा त्याहून जास्तीला एकूण ७८,००० अनुदान, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सोसायटीच्या कॉमन मीटरला वेगळा हिशेब आहे: किलोवॅटमागे १८,०००. घरगुतीचे आकडे दाखवून कुणी कोटेशन देत असेल तर तिथेच थांबवा. पॅनेलही भारतीय बनावटीचेच लागतात, नाहीतर अनुदान नाही.

किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट पडतात, वर्षाची सरासरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगच ढग, तेव्हा बरंच घटतं. उन्हाळ्यात जास्तीचे युनिट खात्यावर जमा होतात, पण हिशेब ३१ मार्चला संपतो, उरलेले युनिट पुढच्या वर्षात जात नाहीत, त्यामुळे गरजेपेक्षा मोठा संच घेण्यात अर्थ नाही. आणि सोलर आलं म्हणजे बिल शून्य असं समजू नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

म्हणून आधी युनिट कमी करा, मग उरलेल्यावर सोलर मोजा. आज ५५० वर मोजलंत तर साडेचार-पाच किलोवॅट लागेल. मोटर आणि दिवे नीट करून ३५० वर आलात तर ३ किलोवॅटमध्ये भागतं.

करंजे_वायरमन

आणि ताई, टप्प्यांचं गणित मीटिंगमध्ये नक्की सांगा. महिन्याला १००, ३००, ५०० युनिट अशा दराच्या पायऱ्या आहेत, वरच्या पायरीचं युनिट सगळ्यात महाग. वाचतात ते युनिट वरूनच कापले जातात, शिवाय त्यांच्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. लिफ्टच्या आतला दिवा-पंखा सतत चालू राहतो का तेही बघा. पाच मिनिटांनी आपोआप बंद करायची सोय बहुतेक लिफ्टमध्ये असते, मेंटेनन्सवाल्याला सांगितलं की तो करून देतो.

मंगळवार_पेठ_७२

नियमवाल्यांनी कारण सांगितलं ते पटलं. किमतीत धरलेली वस्तू म्हटल्यावर माझीही झाली. ताई, तळमजल्याच्या आजोबांना आकडे देण्याआधी हे सांगा. आमच्या वयाला पैशाइतकंच, आपल्याला विचारलं गेलं की नाही, तेही लागतं.

गोडोली_दुसरा_मजला

काका, उद्या मीटिंगच्या आधी त्यांच्या घरी जाऊनच बोलते.

घोषणापत्राची प्रत मिळाली. आमचं अपार्टमेंटच आहे. हिस्से टक्क्यांत आहेत आणि तळमजल्याचे दोन फ्लॅट लहान असल्याने त्यांचा वाटा आत्ता घेतो त्यापेक्षा कमी निघतो. आजी-आजोबांचा फ्लॅट त्यातलाच एक. इतकी वर्षं सगळ्यांकडून सारखे घेतले गेले. दर संकेत घरगुतीच आहे, तेवढं बरं.

रविवारी मांडणार ते असं: लेव्हल कंट्रोलर आणि एलईडीचा खर्च शिल्लक निधीतून लगेच, तीन महिने मेंटेनन्स वाढवायचा नाही, वाटणी घोषणापत्राप्रमाणे आणि लिफ्ट चोवीस तास चालू. तीन महिन्यांच्या बिलांवरून सोलरचा आकार ठरवू. शाहूपुरीवाले दादा, तुमच्या करारात हप्त्यांची अट कशी लिहिली होती ते जमलं तर इथे टाका, शनिवारी रात्रीपर्यंत मिळालं तर फार बरं होईल.