'पर्सनल कॉपी'ला काय म्हणायचं? प्रत, नक्कल की आणखी काही?

अनुवादिनी: एका वाचनालयासाठी कॉपीराइटवरचं माहितीपत्रक मराठीत करतेय. स्वतःच्या वापरासाठी केलेली गाण्याची कॉपी, याला मी 'वैयक्तिक नक्कल' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणे नक्कल चिडवायला करतात, नाहीतर माल बनावट असतो. आमच्या घरी तर सातबाराची नक्कलच काढतात. कोण बरोबर?

तलाठीपुत्र: तुम्हीच. वडिलांच्या जुन्या कागदांवर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शेरा असायचा, त्यात चेष्टा कुठली? मूळ अरबी शब्द, उतरवून घेणं.

शुद्धमती: 'प्रत' असताना अरबी कशाला? कॉपीराइटला प्रताधिकार म्हणतो ना आपण?

फीतवाला: कोण म्हणतं, सरकारी फाईल सोडून? प्रत पुस्तकाची, पत्राची. गाण्याची प्रत कधी ऐकलीय? आम्ही कॅसेट 'भरून' घ्यायचो. दुकानात गाण्यांची यादी द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि मग रोज 'भरली का हो?' म्हणून चक्कर, घरी आणून लावली की ए साइडचं शेवटचं गाणं हमखास अर्ध्यात तुटलेलं. वरच्या कडेचे ते दोन प्लॅस्टिकचे तुकडे लगेच मोडायचे, नाहीतर धाकटा भाऊ त्यावर स्वतःचं गाणं भरणार.

काळा कोट: काका, ते भरणं तेव्हा सूटीत बसतच नव्हतं! १९५७च्या कायद्यात कलम ५२ची खासगी वापराची सूट साहित्य, नाटक, संगीतरचना, चित्रं वगैरेंना होती. ध्वनिमुद्रण आणि सिनेमा २०१२च्या दुरुस्तीने त्यात आले, तेही 'फेअर डीलिंग' असेल तर. दुकानदाराने पैसे घेऊन भरून देणं माझ्या मते आजही त्यात बसणार नाही.

फीतवाला: म्हणजे आमचं अख्खं होस्टेल चोर!

शुद्धमती: काळा कोट, 'खासगी' लिहिलंत, बरं वाटलं. खासवरून खासगी, लोक उगाच खाजगी करतात.

तलाठीपुत्र: उगाच? आमच्याकडे सगळा गाव खाजगीच म्हणतो. मग काय गावाला शुद्धिपत्र काढायचं?

अनुवादिनी: अहो, पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. 'स्वतःपुरती भरून घेतलेली' चालेल का?

शुद्धमती: मला तर भरली वांगीच दिसली.

फीतवाला: ताई, बिनधास्त लिहा. आणि फेअर डीलिंगला काय केलंत?

अनुवादिनी: 'रास्त वापर'.

शुद्धमती: रास्त? तोही फारसीच!

तलाठीपुत्र: मग रेशन दुकानाच्या पाटीवरचं 'रास्त भाव' आधी खोडून या. आणि ते खाजगीचं राहिलंच, 'स'चा 'ज' झालेले आणखी शब्द आहेत का कुणाकडे?