खर्चाचा मुद्दा आणि हरी बुढा मगर

माजी सैनिकांसाठी निधी जमवायला काढलेल्या गिर्यारोहण मोहिमांबद्दल ‘चढाईचे पैसे थेट माजी सैनिकांनाच द्या ना’ असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. मोहिमेचा खर्च चढणाऱ्यांच्या स्वतःच्या खिशातून हवा, देणगीतून छदामही नको, हे एकदम मान्य. पण हरी बुढा मगर यांचं नाव या चर्चेत कुणीच कसं घेत नाही? ब्रिटिश सैन्यातले गुरखा सैनिक, २०१० मध्ये अफगाणिस्तानात स्फोटात दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेले, पुढे नेपाळने दोन्ही पाय नसलेल्यांना एव्हरेस्टबंदी केली, ती कोर्टाने उठवली आणि मे २०२३ मध्ये ते माथ्यावर पोचले, तेही माजी सैनिकांच्या संस्थांसाठी निधी गोळा करत. गुडघेच नाहीत म्हणजे आखूड कृत्रिम पायांवर, बर्फात, प्रत्येक पाऊल कंबरेतून उचलायचं! मोहीम काढणाऱ्यांनी जखमी माजी सैनिकांनाच टीममध्ये घ्यावं असं मला मनापासून वाटतं.