व्हेज एशियन हॉटेलवाल्यांनो, आधी ते पनीर बाजूला ठेवा

गवतीचहा:
मुंबईत सध्या पूर्ण शाकाहारी एशियन हॉटेलांचं पेव फुटलंय. लोअर परळला जा, बीकेसीत जा, घाटकोपर-बोरिवलीला जा, मेनूत थाई, जपानी, चायनीज, कोरियन सगळं एकाच पानावर. मी जन्मापासून शाकाहारी, पार्ल्यात वाढलेली, त्यामुळे अशी हॉटेलं निघतायत याचा मला आनंदच आहे, पण स्पष्ट बोलायचं तर यातल्या बऱ्याच जणांनी काडीचा अभ्यास न करता दुकान मांडलंय.

आईच्या साठीला आम्ही घरचे सगळे अशाच एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही. पनीर टिक्का सुशी, पनीर बाओ म्हणजे वाफवलेल्या चिनी पावात पनीर, पनीर थाई करी. सुशीचा भात गार आणि गच्च गोळा, त्याला व्हिनेगरचा आंबटपणा नावालाही नाही, आत बोटभर पनीरची कांडी आणि वरून मेयोनीजच्या रेघा. ग्रीन करीत क्रीम घातलेलं, इतकी दाट की चमचा उभा राहील, आणि चव कसली तर गोड. गवती चहाचा वास नाही, त्या जोडपानाच्या थाई लिंबाच्या पानांचा वास नाही, नुसता हिरवा रंग. आई बिचारी काही बोलली नाही, पण अर्धी वाटी तशीच ठेवली तिने.

माझा राग यावर आहे की शाकाहार ही काही आपण आशियाला नव्याने शिकवायची गोष्ट नाही. चीनमध्ये लियांग घराण्याच्या सम्राट वू ने सहाव्या शतकात बौद्ध भिक्षूंना मांस बंद केलं, आणि पुढे तिथल्या मठांत टोफू, मशरूम, गव्हाच्या कणकेतला चिवट भाग धुवून काढून त्याचे पदार्थ हे सगळं चालत आलंय. जपानमध्ये झेन बौद्ध मठांचं जेवण, शोजिन र्योरी आहे, त्यात मासा नाही आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. इंडोनेशियाचं टेंपे आहे, आंबवलेल्या सोयाबीनची घट्ट वडी. ब्रह्मदेशात शान लोकांचा टोफू सोयाबीनचा नसतोच, हरभऱ्याच्या पिठाचा असतो, हळद घालून पीठ शिजवायचं, थापायचं, वड्या पाडायच्या, म्हणजे जवळजवळ आपली पाटवडीच. फोर्टमध्ये बर्मा बर्मा २०१४ मध्ये सुरू झालं, पूर्ण व्हेज आहे, दारूही नाही, आणि तिथली मुरवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर खायला मांसाहारी लोकसुद्धा आवर्जून जातात. म्हणजे जमतं की! मग बाकीच्यांना पनीरच का सुचतं?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

खाडीकाठचा:
ताई, पनीरबद्दल शंभर टक्के सहमत, पण पुढचं पटलं नाही. थाई जेवणाचा पाया फिश सॉस आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट हा आहे, करीचं वाटण करतानाच ती पेस्ट खलबत्त्यात पडते, वरून घालायची गोष्ट नाही ती. मलेशियाच्या लाक्सात, म्हणजे त्यांच्या नूडल्सच्या तिखट सूपमध्ये तेच, आंबवलेल्या कोबीच्या कोरियन किमचीत खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस, जपानी सूपच्या पाण्यात वाळवलेल्या मासळीचे पापुद्रे. आमच्या घरी जवळा भाजला की ज्यांना सवय नाही ते खिडक्या उघडतात, पण तोच वास पुढे जेवणाला खोली देतो हे खाणाऱ्यालाच कळतं. तो पायाच काढून टाकलात तर उरतं ते नारळाच्या दुधातलं भाजीचं कालवण. चांगलं असेल, मी नाही म्हणत नाही, पण त्याला थाई म्हणून विकू नका एवढंच.

गवतीचहा:
@खाडीकाठचा, मग थाई लोक स्वतः काय करतात ते बघा ना. चिनी चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस तिथे शाकाहाराचा उत्सव असतो, फुकेतचा तर जगप्रसिद्ध आहे, रस्त्यावरच्या गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात आणि त्या गाड्यांवर फिश सॉस वापरत नाहीत. सोया सॉस, आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट यावर भागवतात. उत्तर थायलंडमध्ये आणि शान भागात आंबवलेल्या सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्या असतात, थुआ नाओ म्हणतात, त्या भाजून कुटून कोळंबीच्या पेस्टच्या जागी घालतात. म्हणजे तुम्ही म्हणता तो आंबलेला, खारट, खोल वास शाकाहारातही मिळतो. आमचे हॉटेलवाले तो आणत नाहीत ही त्यांची हयगय आहे.

हिशोबनीस:
चवीचं नंतर बघू, पैशाचं कोणीच का बोलत नाही? काकडीच्या सुशीचे सहा तुकडे ४५० रुपये. काकडी हो! डिमसम, म्हणजे वाफवलेल्या चिनी पुरचुंड्या, चार नग ५५०. मासा नाही, कोळंबी नाही, बदक नाही, मग पैसे कशाचे? आणि बिलात खाली गुपचूप १० टक्के सर्व्हिस चार्ज. सगळ्यांनी लक्षात ठेवा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हा चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या सूचना कायम ठेवल्या. काढून टाका म्हणून सांगा, शांतपणे सांगा, पण सांगाच. जीएसटी ५ टक्के आहे तो द्यावाच लागतो.

वोकवाला:
@हिशोबनीस दादा, मी अशाच एका किचनमध्ये काम करतो म्हणून लिहितोय, काकडीचा भाव धरून सुशीचा भाव काढू नका. तो छोट्या दाण्याचा चिकट तांदूळ, नोरी म्हणजे सुशीला गुंडाळतात तो शेवाळाचा पापुद्रा, तांदळाचं व्हिनेगर यातलं बरंच बाहेरून येतं. डिमसमचं पारदर्शक आवरण गव्हाच्या स्टार्च आणि टॅपिओकाचं असतं, उकळतं पाणी ओतून मळायचं, गरम असतानाच हात चालवायचा, गार झालं की फाटतं, एक माणूस सकाळपासून नुसता तेच करत बसतो. शिवाय लोअर परळचं भाडं. व्हेज असलं की मजुरी कमी होते असं नाही, उलट वाढते, कारण कोळंबीला नुसतं मीठ-मिरी लावून वाफवलं तरी चव असते, भाजीच्या सारणात चव आणावी लागते, मशरूमचं पाणी आटवा, पाणशिंगाडा बारीक चिरा, आलं परता. सर्व्हिस चार्जचं तुमचं बरोबर आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

आणि पनीरचं म्हणाल तर ताई, आम्ही टेंपे ठेवलं होतं मेनूत. कोणी घेत नव्हतं. टोफूची प्लेट अर्धी परत यायची आणि पनीर चिली ऑर्डरवर ऑर्डर. मालक काय करणार? अभ्यास गिऱ्हाईकानेही करावा थोडा.

बोरिवलीची सून:
इथे बहुतेक जण चवीवर भांडतायत, पण आमच्यासाठी प्रश्न विश्वासाचा आहे. माझं माहेर मराठी, सासर जैन. सासूबाईंना घेऊन मिक्स हॉटेलात जायचं म्हणजे आधी वेटरची उलटतपासणी. एका ठिकाणी 'व्हेज' टॉम यम, ते आंबट-तिखट थाई सूप, मागवलं, विचारलं फिश सॉस आहे का, तर तो आत जाऊन आला आणि सहज म्हणाला थोडासा असतो मॅडम, चवीला. थोडासा! वोकची कढई तीच, तळणीचं तेल तेच, 'व्हेज' नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस. मशरूमचा व्हेज ऑयस्टर सॉस बाजारात मिळतो तरी वापरत नाहीत. पूर्ण व्हेज ठिकाणी त्या पहिल्यांदा निवांत बसल्या, स्वतः मेनू वाचला, स्वतः ऑर्डर दिली. चव दहापैकी सहा असेल, पण माझ्या सासूबाई बाहेर जेवताना हसत होत्या हे मला फार मोठं आहे. आणि गवतीचहा ताईंनी ते कांदा-लसूण नसलेलं जपानी मठाचं जेवण लिहिलंय, ते आमच्या या उपनगरांत कोणी नीट केलं तर जैन घरांच्या रांगा लागतील. त्याऐवजी जैन मेनू म्हणजे मूळ पदार्थातून कांदा-लसूण काढायचं आणि साखर वाढवायची.

शिवडीकर:
माफ करा पण मला या सगळ्या 'प्युअर व्हेज' प्रकाराचाच त्रास होतो. याच शहरात मासे खातो म्हणून मला भाड्याने घर नाकारलंय, तोंडावर सांगून. बाजूच्या गल्लीतली मालवणी खानावळ बंद झाली आणि तिथे आता काळ्या काचांचं व्हेज एशियन आलंय, वर जपानी अक्षरं, म्हणजे मासे खाणाऱ्या देशाचं नाव लावून मासा बंद. जपान, थायलंड, व्हिएतनाम ही समुद्रकाठची माणसं, आमच्यासारखी. त्यांचं जेवण घ्यायचं आणि त्यांची मासळी नाकारायची, हे मला सोयीस्कर वाटतं.

बोरिवलीची सून:
@शिवडीकर, तुम्हाला घर नाकारलं हे संतापजनकच आहे आणि ते नाकारणाऱ्यांच्या बाजूने मी कधीच उभी राहणार नाही, माझ्या भावालाही तोच अनुभव आलाय. पण सोसायटी कोणाला राहू देत नाही आणि एखादं हॉटेल काय शिजवतं या दोन गोष्टी एकाच तराजूत कशा घालता? हॉटेलात तुम्ही नाही गेलात तर दुसरं आहे. घराचं तसं नाही.

शिवडीकर:
गल्लीतली दुकानं एकेक करून बदलत जातात तेव्हा दुसरं कुठे उरतं ते मला सांगा. मी एका हॉटेलबद्दल बोलतच नाहीये.

नाक्यावरचा:
अरे पण पनीर चिलीला एवढ्या शिव्या का? चिकन मंचुरियन मुंबईतच जन्मलंय, १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी केलं, मूळचे कोलकात्याचे चिनी. आलं-लसूण-हिरवी मिरची आपली, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. तेच पुढे गोबीचं झालं, पनीरचं झालं, नाक्यावरच्या गाडीवर आलं. पन्नास वर्षं हे शहर ते खातंय, मग ते आमचंच जेवण आहे. मला शोजिन बिजिन नको, कॉलेज सुटल्यावर दादर स्टेशनबाहेर खाल्लेली व्हेज मंचुरियन हीच माझी एशियन. हॉटेलवाल्याने ती छान कुरकुरीत द्यावी, बस. लोक आवडीने पनीर मागतात तर त्यांना अडाणी ठरवू नका.

गवतीचहा:
@नाक्यावरचा, गाडीवरची मंचुरियन मीही खाते आणि आवडीने खाते. ती गाडी प्रामाणिक आहे, पाटीवर चायनीज लिहिते, गरम देते, पैसे वाजवी घेते. माझं म्हणणं ज्यांनी जपानच्या क्योतोचं नाव छापून ७०० रुपयांना पनीर दिलं त्यांच्याबद्दल आहे.
@वोकवाला, तुमचा मुद्दा मनाला लागला, पण टेंपे नीट खिलवावं लागतं हो. पातळ काप करून खरपूस तळून चिंच-गुळाच्या रसात घोळवलं तर कोण परत पाठवेल? मेनूत नुसतं 'टेंपे' लिहून वेटरलाही सांगता येत नसेल तर गिऱ्हाईक कशाला धाडस करेल.

वेंगुर्लेकरीण:
मी दोन्ही खाते, त्यामुळे मला कोणाची बाजू घ्यायची गरज नाही, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. चीनच्या सिचुआन प्रांताची जी जीभ बधिर करणारी मिरी असते ना, ती आणि आपलं तिरफळ एकाच कुळातलं आहे. तिकडेही आतली काळी बी टाकून वरचं साल वापरतात, आपल्याकडेही तेच. आपण तिरफळ बांगड्याच्या तिखल्यात घालतो, आणि आमच्याकडे डाळीच्या आमटीतही ठेचून टाकतात. आता सांगा, मुंबईत बसून सिचुआनचा मापो टोफू व्हेज करायचा आहे, तर मूळचा खिमा काढून त्या जागी शिताके मशरूम बारीक चिरून परता, आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट घाला, आणि शेवटी तिरफळ भाजून कुटून टाका. यात पनीर नाही, खोटेपणा नाही, आणि चव इथली आहे, कोकणातली. फ्युजन करायचंच असेल तर हे करा ना! मी घरी करते. मऊ टोफू आधी मिठाच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, मग मोडत नाही आणि आतपर्यंत खारवतो. इतक्या वर्षांत मुंबईतल्या एकाही एशियन हॉटेलात मला तिरफळ दिसलं नाही, व्हेज नाही की नॉनव्हेज नाही, आणि दादरच्या मसाल्याच्या दुकानात ते पोत्याने पडलेलं असतं.

वोकवाला:
@वेंगुर्लेकरीण ताई, हे शेफला दाखवतो. खरंच. तिरफळ आधी भाजायचं की तेलात सोडायचं?

वेंगुर्लेकरीण:
कोरडं भाजा, मंद आचेवर, वास सुटला की लगेच उतरवा. करपलं की कडू होतं. बी आधी काढा, नाहीतर दाताखाली कचकच येते.

खाडीकाठचा:
तिरफळाचं वाचून तोंडाला पाणी सुटलं, ते मान्य. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. सोयाबीनची चकती ही कोळंबी नाही. दोन्ही आंबवलेलं, दोन्ही खारट, पण समुद्राची चव वेगळी.

गवतीचहा:
समुद्राची चव हवी तर कोंबू आहे ना, समुद्री शेवाळच ते. १९०८ मध्ये इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने ती खोल चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं ते याच कोंबूच्या पाण्यातून, माशातून नाही. मठांत कोंबू आणि वाळवलेलं शिताके रात्रभर गार पाण्यात भिजवून सूपचं पाणी करतात, आणि त्या दोघांची चव एकत्र आली की एकमेकांना वाढवते, हे शास्त्रानेही दाखवलंय. तुम्ही एकदा ते पाणी नुसतं मीठ घालून पिऊन बघा आणि मग इथे येऊन लिहा.

खाडीकाठचा:
पितो. शनिवारी करतो. पण त्याच शनिवारी तुम्ही माझ्या बायकोच्या हातची जवळ्याची चटणी निदान हुंगून बघायची, खायला सांगत नाही.

हिशोबनीस:
कोंबू कितीला मिळतो आणि कुठे, तेवढं लिहा कोणीतरी.