पिल्लू सारखं खाजवतंय, अंगावर पिसू मात्र एकही दिसत नाही

झिपऱ्या
कुत्र्याचं पिल्लू आहे, अकरा आठवड्यांचं, वजन ३.२ किलो. घरी आणल्यापासून खाजवतंय. आता तर खेळता खेळता मध्येच बसकण मारतं आणि मागच्या पायाने कान ओरबाडत राहतं. रात्री झोपेतून उठूनही तेच. केस बाजूला करकरून पाहिले, पिसू नाही, गोचीडही नाही. कानांच्या कडांवर आणि कोपरांवर कोंड्यासारखं काही तरी धरलंय, पोटावर चार-दोन लाल पुटकुळ्या. आठवड्यातून दोनदा आंघोळ घालतो, आमचाच सौम्य शॅम्पू वापरून. खायला चिकनचं कोरडं खाद्य. घरात सगळ्यांचं मत पडलंय की खाण्याची अ‍ॅलर्जी आहे, चिकन बंद करा. करू का बंद?

मागचापाय
इतक्यात नको. या वयात खाज म्हटली की आधी अंगावरचे परजीवी, मग जंतू किंवा बुरशी, आणि अ‍ॅलर्जी सगळ्यात शेवटी. हवेतल्या, धुळीतल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. खाण्याची त्याआधीही होऊ शकते, पण ती ठरवायला निदान आठ आठवडे जातात. परजीवी आहेत की नाहीत हे त्यामानाने फार लवकर कळतं.

डोळ्यांना पिसू दिसली नाही यावर जाऊ नका. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा चपटा जीव, केसांतून सरसर पळतो, आणि पिल्लू स्वतःच चावून-चाटून बऱ्याच पिसवा गिळून टाकतं. शोधायची ती पिसूची विष्ठा. बारीक दातांची फणी घ्या. शेपटीच्या बुडाशी, कमरेवर, मांड्यांच्या मागून आणि पोटावरून फिरवा, आणि दात कातडीला टेकलेच पाहिजेत. वरवर केस विंचरून काही हाती लागत नाही. निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि एक-दोन मिनिटं थांबा. काळ्या कणांभोवती तांबूस-तपकिरी ओघळ आला तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवा आहेतच. माती असेल तर काळीच राहते.

त्याच फणीत आणखी दोन गोष्टी सापडू शकतात. पाठीवरचा कोंडा गडद कागदावर झटकून भिंगातून बघा. कोंडा हलताना दिसला तर तो चेलेटिएला नावाचा माइट, म्हणजे अगदी बारीक परजीवी किडा. केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेले, बोटाने न सरकणारे पांढरे दाणे म्हणजे लिखा, अर्थात उवा. कुत्र्याच्या उवा माणसाच्या डोक्यात संसार थाटत नाहीत, तेवढी धास्ती सोडा.

आंघोळ मात्र आजच थांबवा. माणसाचा शॅम्पू माणसाच्या आम्लधर्मी कातडीसाठी बनवलेला असतो, कुत्र्याची कातडी त्यापेक्षा उदासीन. आठवड्यातून दोनदा तो लावला तर धडधाकट पिल्लूसुद्धा कोरडं पडून खाजवेल. शिवाय काही औषधी थेंब कातडीवरच्या तेलातून पसरतात. ते वापरायची वेळ आली तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको.

गळ्यात नवा पट्टा असेल तर तोही काढून बघा. फक्त मानेशीच आणि फक्त पट्टा असतानाच खाजवणारी पिल्लं पुष्कळ असतात.

काचपट्टी
वरचं सगळं बरोबर, पण मला मूळ प्रश्नातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं: कानांच्या कडा आणि कोपर. पिसवांची खाज कमरेपासून मागे असते. कानाच्या आत कॉफीच्या चोथ्यासारखा मळ असेल तर कानातला माइट. डोळ्यांभोवती नि तोंडाजवळ केस गेलेत पण खाज फारशी नाही, तर डेमोडेक्स नावाचा माइट. कानाची कड, कोपर, मागच्या पायाचा टाचेकडचा सांधा, छातीचा खालचा भाग आणि वेड लावणारी खाज असं एकत्र दिसलं, तर खोटं ठरेपर्यंत ती खरूज धरायची, म्हणजे सार्कोप्टेस नावाच्या माइटची लागण.

घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. कानाच्या पाळीचं टोक दुमडून कानाच्याच बुडाशी टेकवा आणि पाच सेकंद एकावर एक भराभर चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलायला लागला तर संशय चांगलाच बळावतो. कान आतून सुजला असेल तर इतर कारणांनीही पाय हलतो, म्हणून कान आतून स्वच्छ आहे ना तेही पाहा.

आणि एक सांगा: पिल्लाला कुशीत घेणाऱ्या कुणाला हातावर, पोटावर खाजरे लाल दाणे आलेत का?

झिपऱ्या
फणी दोनदा फिरवली, टिश्यूवर तांबडं काही उतरलं नाही. कानाची चाचणी दोन्ही बाजूंनी केली, पाय लगेच हलतो. कानाच्या आत मळ नाही. आणि हो, माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला दाणे आहेत, मी डास समजत होतो. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कोपराची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पाहिली, काही सापडलं नाही. खाज थांबायचं इंजेक्शन देऊ म्हणाले, मी उद्या येतो सांगून आलो. घ्यावं का?

काचपट्टी
ते इंजेक्शन कशाचं, हे नावानिशी विचारा. स्टेरॉइड असेल तर निदान होईपर्यंत थांबायची विनंती करा. स्टेरॉइडने खाज दबते, माइट मरत नाही. पिल्लू दोन-चार दिवस शांत झोपतं आणि खाली खरूज पसरत राहते. खरवड्यातून डेमोडेक्स निसटला असेल तर तो स्टेरॉइडने भडकतो. खाजेवरची ऑक्लासिटिनिबची गोळी तर बारा महिन्यांखालच्या कुत्र्यांसाठी नाहीच.

एका जागेचा खरवडा रिकामा आला म्हणून खरूज नाही, असं अजिबात नाही. खरूज असलेल्या कुत्र्यांतही निम्म्याहून अधिक वेळा काचेखाली माइट सापडत नाही. कारण साधं आहे: मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून बसते, अंगावर माइट असतात मोजकेच, आणि सारखी खाजवलेली जागा तर पिल्लाने आधीच साफ केलेली असते. नमुना घ्यायचा तो न खाजवलेल्या, पिवळट खपली धरलेल्या दाण्यावरून. जागा पाच-सहा हव्यात, त्यात कानाची कड हवीच, आणि खरवडा उथळ पण रुंद. डेमोडेक्ससाठी याच्या उलट: कातडी चिमटीत दाबून, रक्ताचा बारीक ठिपका येईतो खोल खरवडायचं. एकाच खरवड्यात दोन्ही उरकत नाहीत, हे घाईच्या ओपीडीत विसरलं जातं.

म्हणूनच इतकी लक्षणं जुळत असताना काच रिकामी असली तरी खरजेचे उपचार देऊन पाहतात आणि प्रतिसादावरून निदान पक्कं करतात. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘खरजेचा उपचार देऊन बघायचा का?’ बहुतेकांना ते पटतं. पर्याय दोन तऱ्हेचे. मानेवर सोडायचं सेलामेक्टिन सहा आठवड्यांपासून चालतं. आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या, म्हणजे अफोक्सोलानेर, सारोलानेर वगैरे, आठ आठवडे पूर्ण झाल्यावर. किमान वजन औषधागणिक साधारण १.३ ते २ किलो. तुमचं पिल्लू दोन्हींत बसतं. फिट येण्याचा इतिहास असेल तर गोळीआधी तो सांगायचाच. मोठ्या जनावरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणं मात्र कटाक्षाने टाळा. कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एका जनुकदोषामुळे ते मेंदूत शिरतं, आणि मिश्र पिल्लात कुठली जात मिसळलीय हे बघून सांगता येत नाही.

पोटावरच्या पुटकुळ्यांत पू असेल तर तो वेगळा, जंतूंचा भाग. वरवरचाच असेल तर २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा कुत्र्यांसाठीचा शॅम्पू, कोमट पाणी, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून मग धुणं. एवढं लहान पिल्लू लगेच गारठतं, त्यामुळे पूर्ण कोरडं करूनच सोडा. थेंबांचं औषध घेतलं तर शॅम्पूचा दिवस त्यापासून लांब ठेवा.

वाटीभर
चिकनबद्दल थोडं. खाज खरजेच्या औषधाने गेली तर खाण्याचा प्रश्नच मिटला. औषध पूर्ण होऊनही उरली, तरच वर्ज्य-आहाराची चाचणी, आणि ती ‘चिकन बंद, मासे सुरू’ अशी नसते. प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, वाढत्या पिल्लांसाठी संतुलित असलेलं एकच खाद्य आठ आठवडे, शिवाय तोंडात दुसरं काही नाही: बिस्किट नाही, मांसाच्या चवीची गोळी नाही, पोळीचा तुकडा नाही. मग जुनं खाद्य परत सुरू करून खाज उलटते का ते पाहायचं. नुसत्या घरच्या भात-मांसावर इतके आठवडे काढले तर कॅल्शियम तोकडं पडून हाडं बिघडतात. खाज परवडली.

झिपऱ्या
समजलं, उद्या हेच बोलतो. घरात एक मांजर आणि एक मोठी कुत्रीही आहे. त्यांचं काय? आणि फरक कधी दिसेल?

मागचापाय
मोठ्या कुत्रीलाही त्याच दिवशी औषध द्या, ती खाजवत नसली तरी. लागण झाल्यापासून खाज सुरू व्हायला काही आठवडेही लागतात. मांजराला ही खरूज क्वचितच होते, डॉक्टरांना दाखवून ठेवा. कुत्र्याचं औषध मात्र मांजरावर कधीच नाही. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले कुत्र्यांचे थेंब मांजराचा जीव घेतात. कुत्रीवर तसे थेंब असतील तर वाळेपर्यंत मांजराला तिच्याजवळ झोपू देऊ नका. टी ट्री ऑइल, कापराचं तेल, फिनाइल असलं काही कुणाच्याच अंगावर नको, चाटण्यातून पोटात जातं.

अंथरुणं ६० अंशांवर धुवा, न धुण्याजोगी उचलून ठेवा. हा माइट अंगाबाहेर साधारण खोलीत काही दिवसच तगतो, घरभर फवारणी नको. तुमच्या मनगटावर तो वंश वाढवत नाही, पिल्लू बरं झालं की दाणे जातात. महिन्यात गेले नाहीत तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पिल्लाची खाज लगेच थांबत नाही. मेलेल्या माइटवरही कातडी चिडलेली असते, दोन ते चार आठवडे धरा, पहिले काही दिवस तर वाढल्यासारखीही वाटेल. रोज रात्री शून्य ते दहात खाजेला आकडा द्या आणि लिहून ठेवा, नाहीतर हळूहळू होणारा उतार लक्षातच येत नाही. मध्येच हिरड्या पांढरट दिसल्या, पिल्लू मलूल झालं किंवा खायचं थांबलं तर आकडे बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बहुतेक औषधांचा दुसरा डोस महिन्याने असतो. त्या दिवशी पिल्लू पुन्हा तोला. या वयात महिनाभरात वजन सहज औषधाच्या पुढच्या वजनगटात जातं, आणि पहिल्याच पाकिटातली उरलेली गोळी तेव्हा कमी पडते.