मदत हवी आहे: डायलिसिसवर वजन तेवढंच, पण सासऱ्यांच्या अंगावर मांस राहिलं नाही

सोलापूरची सून

नमस्कार. सासरे (आप्पा), वय 63, यंत्रमागावर जॉबर होते. शुगर जुनी. पंधरा महिन्यांपासून डायलिसिस, सोमवारी आणि गुरुवारी, महात्मा फुले योजनेतून. फिस्टुला (सुई टोचायला शस्त्रक्रियेनं जोडलेली शीर) डाव्या हाताला, व्यवस्थित चाललाय.

सुरुवातीला ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, 58 किलो ठरलं, आजही 58च आहे. मधल्या दिवसांत तीन-साडेतीन किलो चढतं, मशीनवर उतरवतात, पुन्हा 58. फाईल बघितली तर सगळं जागच्या जागी.

शंका आली ती गड्ड्याच्या यात्रेत. आप्पा दरवर्षी सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांबरोबर बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा) घालून चालायचे. यंदा चालणं नव्हतंच, पण हौसेनं बाराबंदी घातली. खांद्यावरून घसरायला लागली आणि पोटाला मात्र बंद पुरेनात. दंड माझ्या मनगटाएवढे झालेत. जमिनीवरून उठताना पलंगाचा खूर धरतात. रात्री दोन उश्यांशिवाय झोपवत नाही.

घरात मात्र सगळे खूश. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढतं ते) 9 वरून 6 वर आलंय, म्हणजे किडनी सुधारतेय म्हणे. आत्याबाई म्हणतात, बारीक झाले ते बरंच, शुगरला चांगलं. शेजारच्या बेडवर एक काका येतात, 84 किलोचे, डायलिसिस झालं की स्वतःच्या पायांनी रिक्षात बसतात. डायलिसिसवर जाड माणसं जास्त जगतात असंही कुठेतरी वाचलं. मग आप्पांना तूप-भात घालून जाड करायचं का?

खाणं: सकाळी भाताची पेज. दुपारी-रात्री भाकरी, दोडका किंवा दुधी, अर्धी वाटी वरणाचं पाणी. डाळ कमी, दूध कमी, पनीर बंद असा डॉक्टरांचा कागद फ्रीजवर आहे, तो मी काटेकोर पाळते. शेंगाचटणी बंद केली त्याचा राग अजून आहे माझ्यावर. आम्ही शाकाहारी.

कडू काढा

गुळवेल आणि पुनर्नव्याचा काढा एकवीस दिवस द्या. डायलिसिस सुटतं.

मशीन नंबर चार

वरचा काढा देऊ नका ताई. झाडपाल्यात पोटॅशियम किती असतं ते कुणी मोजत नाही, आणि त्यानं हृदय थांबलं तर काढावाला येत नाही.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. तुम्ही बाराबंदीवरून ओळखलंत ते बरोबर वाटतंय. काट्याला फक्त ओझं कळतं. दोन किलो मांस गेलं आणि त्या जागी दोन किलो पाणी बसलं, तर काटा 58च दाखवणार. म्हणजे आप्पांचं खरं ड्राय वेट कदाचित 56 असेल आणि तुम्ही त्यांना दर वेळी दोन किलो पाणी अंगात ठेवून घरी नेताय. दोन उश्या त्याच्याच असू शकतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं?' बीपी, पायावरची सूज, छातीचा एक्स-रे बघून ते ठरवतात. काही ठिकाणी हातापायाला पट्ट्या लावून अगदी सौम्य करंट सोडून पाणी, मांस, चरबी वेगळी मोजायचं यंत्रही असतं. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. आणि दम वाढला, झोपताच येईना, तर सोमवारची वाट बघू नका, रात्रीच न्या.

क्रिएटिनिनचं ऐकून वाईट वाटेल, पण सांगतो. ते स्नायूंतून तयार होतं. डायलिसिस तेवढंच, लघवी वाढलेली नाही आणि तरी आकडा उतरला, तर बहुतेक वेळा स्नायूच उतरलेले असतात. पेढे वाटू नका.

अक्कलकोट रोड

ताई, तो फ्रीजवरचा कागद कधीचा आहे? डायलिसिसच्या आधीचा ना? आमच्या आईच्या वेळी आम्हीही हीच चूक वर्षभर केली.

डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रथिनं कमी ठेवतात, किलोमागे साधारण 0.6 ग्रॅम. सुरू झालं की उलटं. प्रत्येक डायलिसिसला अमायनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, वाहून जातात, म्हणून किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. 58 किलोच्या माणसाला दिवसाला 58 ते 70 ग्रॅम. वरणाच्या पाण्यात ते कुठून येणार! पनीर, घट्ट वरण, दही मोजून सुरू करा, पण आहारतज्ज्ञांना विचारूनच, कारण त्याबरोबर फॉस्फरसही येतं. फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची, नंतर घेऊन उपयोग नाही. पोटॅशियम कमी करायला भाज्या चिरून, उकळून पाणी फेकायचं. शेंगाचटणी मात्र नाहीच. पोटॅशियम, फॉस्फरस आणि मीठ, तिन्ही तिच्यात. चालत असेल तर अंड्याचं पांढरं सगळ्यात सोयीचं, प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस अगदी थोडं.

जाड माणसं जास्त जगतात हे अभ्यासांत दिसलंय, पण ते बीएमआयवर (उंचीच्या मानानं वजन) मोजलेलं, आणि बीएमआयला दंड कुठला नि पोट कुठलं ते कळत नाही. स्नायू टिकलेल्यांचं बरं चालतं. नुसतं पोट सुटणं इथेही वाईटच. तूप-भात घालून पोटच सुटेल, त्यात शुगर आहे. शेजारच्या काकांचे हात एकदा बघा.

मशीन नंबर चार

अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) किती ते विचारा, 3.8 च्या खाली असेल तर लक्ष द्यायला हवं. पण सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी ते उतरतं, त्यामुळे एका आकड्यावर जाऊ नका. उजव्या हाताच्या पकडीचा जोरही यंत्रावर मोजून घ्या. पुरुषाची 28 किलोच्या खाली म्हणजे कमजोर धरतात.

सोलापूरची सून

महिना झाला, कळवायचं राहिलं. कागद खरंच डायलिसिसच्या आधीचा निघाला, तारीखसुद्धा होती वर. मीच कधी बघितली नाही. अल्ब्युमिन 3.1, पकड 17. डॉक्टरांनी ड्राय वेट अर्धा-अर्धा किलो करत 56.5 वर आणलंय. पहिल्या दोन वेळा पायात गोळे आले, आता एका उशीवर झोपतात. खुर्चीतून उठबस दहा-दहा वेळा करायला सांगितलीय, ती नातू मोजतो आणि मुद्दाम एक जास्त करून घेतो.

अंड्यावर आठवडाभर बैठक चालली. शेवटी आप्पाच म्हणाले, औषध म्हणून घेतो, पण श्रावणात नाही. सासूबाईंनी त्यासाठी वेगळा तवा काढलाय आणि तो अंगणातच ठेवायचा, आत आणायचा नाही. पांढऱ्याचा वास कमी करायला मिठाशिवाय काय घालता, ते कुणीतरी सांगा.